दोन्हीकडे

नाना पेठेतली रात्रशाळा, दुसरा मजला.
गुरुवार, म्हणून नळाला पाणी नाही;
परीक्षानळ्या धुवायला बादली भरून ठेवलेली.
इथॅनॉइक आम्लाची बाटली उघडली
तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली,
वैजयंता खुडेंनी नाही.
हडपसरला लोणच्याच्या कारखान्यात अकरा वर्षं झाली त्यांना;
हा वास त्यांच्या पदराला कायमचाच.

सोड्याची चिमूट टाकली. फसफसलं.
चुन्याची निवळी दुधाळ झाली.
निळा लिटमस लाल.
शेजारच्या नळीत अल्कोहोल: तिथे निळा तो निळाच.

मी फळ्यावर गट काढला.
मधोमध कार्बन, एका हाताला
दुहेरी बंधाने धरलेला ऑक्सिजन,
दुसऱ्या हाताला ओ, आणि त्या ओला लटकलेला एच.
सगळ्यांनी उतरवून घेतलं.
खुडेबाईंची पेन्सिल थांबली.

"सर, ओ-एच तर त्यालाही आहे ना, अल्कोहोलला?
मग हाच का सोडतो, आणि तो का धरून बसतो?"

एकवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
हे परीक्षेला नाही, म्हणून
सुटता आलं असतं.
घंटेला बारा मिनिटं होती.

म्हणालो, जाताना एच आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो.
मागे ऋणभार राहतो, तो कुणीतरी सांभाळायचा.
अल्कोहोलमध्ये तो एकट्या ऑक्सिजनच्या गळ्यात पडतो,
म्हणून तो एचला सोडायलाच तयार होत नाही.
इथे सांभाळायला दोघं आहेत.
दोन चित्रं काढली, मध्ये दोन तोंडांचा बाण.

बाई हसल्या. "आमच्या आईसारखं.
सहा महिने माझ्याकडे येरवड्यात,
सहा महिने भावाकडे, धनकवडीला."

वर्ग हसला. मीही हसलो असतो,
पण ही चूक मी चालू देत नाही.
नाही, म्हटलं. तो भार पिशवी घेऊन
पीएमटीत बसत नाही.
आज या ऑक्सिजनवर, उद्या त्या, असं नसतंच.
ही दोन्ही चित्रं खोटी.
खरा आयन तिसराच, तो फळ्यावर धड काढता येत नाही:
दोन्ही बंध सारख्याच लांबीचे, दीड-दीड म्हणा,
आणि भार एकाच वेळी दोघांवर, अर्धा अर्धा.
मी चित्रं पुसली. तुटक रेघ ओढली
एका ऑक्सिजनपासून, कार्बनवरून, दुसऱ्यापर्यंत.

खुडेबाईंनी ती रेघ वहीत काढली,
खोडली, परत काढली.
"म्हणजे पूर्ण कुठेच नाही."
"नाही."
"कधीच?"

खाली कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, लागत नव्हती.
म्हणालो, त्यानेच तर आयनला स्थैर्य येतं.
आणि तरी हे सौम्यच आम्ल बरं का,
व्हिनेगरमध्ये हजारातले चार-पाच रेणू सोडतात,
बाकीचे सगळे
घट्ट धरून असतात.

घंटा.

पुढच्या गुरुवारी बादली त्यांनीच भरून ठेवली होती.
"आईला सांगितलं, ते अर्ध्या अर्ध्याचं."
"मग?"
"म्हणाली, अर्धी-बिर्धी काही नाही गं.
मी दोन्हीकडे पाहुणी."
आणि नळ्या उलट्या करून
एकेक स्टँडला लावू लागल्या.

स्थैर्य.
किती सहज बोलून गेलो होतो मी.

टेबलावर मागच्या आठवड्यातला
लिटमसचा एक तुकडा चिकटून राहिला होता,
वाळून जांभळट झालेला.
नखाने खरवडून पाहिला.
निघाला नाही.